कढई मिस्त्रीकडे आहे

केजला जाणाऱ्या रस्त्यावर मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला बसायला दुकानापुढे ट्रॅक्टरचा एक जुना टायर आडवा टाकलाय. गेल्या दसऱ्याच्या आधी मी त्या टायरवर इतक्या वेळा बसले की येणारे-जाणारे मला मिस्त्रीच्या घरचीच समजायला लागले. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलंसुद्धा, "पोरी, मिस्त्रीची बहीण का तू?"

"नाही बाबा. माझी कढई आहे आत."

"माजा दरवाजा हाय," ते म्हणाले. "अख्खा पाऊसकाळ दरवाज्याबिगर काढला. कुत्री आत जाऊन झोपत्यात अन् मी बाहीर राखण करतो."

ते हसले, मला हसू आलं नाही. दाराला निदान पडदा लावता येतो. उकळायला आलेल्या दुधाला पडदा कसा लावायचा?

आमची खव्याची भट्टी आहे. आमची म्हणजे खरं तर आत्याबाईंची, माझ्या सासूबाईंची. माझं माहेर खानदेशात, तापीच्या काठी. सातवीनंतर शाळा सुटली आणि काही वर्षांनी लग्न होऊन मी इतक्या लांब इकडे आले. इथे ओळखीचं असं काही नव्हतं. बोलणं वेगळं, भाकरीचं पीठ वेगळं, विहिरीचं पाणीसुद्धा जड. दिवसभर छातीत धडधडायचं. तेव्हा आत्याबाईंनी मला भट्टीजवळ बसवलं, लांब दांड्याचं उलथणं हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे हालवत ऱ्हा. हात कामात असला की जीव घाबरत न्हाई." खोटं नव्हतं. आज लोक मला खवेवाली म्हणून ओळखतात ते त्या एका वाक्यामुळे. त्यांचे उपकार माझ्या डोक्यावर आहेत, आणि त्यांची भट्टी माझ्या हातून विझू नये एवढंच मला वाटतं.

पण खव्याचं काम हाताचं आहे. दूध उकळायला लागलं की गोळा होईपर्यंत उलथणं थांबवायचं नाही. कढईचा तळ सारखा खरवडत राहायचा. जरा थांबलं की तळाला लागतं, आणि तळाला लागलेल्या खव्याचा वास पेढेवाल्याला दुकानाच्या पायरीवरच येतो. आत्याबाईंचा खांदा यातच गेला. हात डोक्यापर्यंत जात नाही म्हणून त्यांची वेणी मी घालते. मग माझा उजवा खांदा धरायला लागला. डॉक्टर म्हणाले, "या हाताला आराम द्या." मी विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "दुखायचं थांबेपर्यंत." डॉक्टरांना काय सांगणार? गावातल्या घराघरांतून आणि माळावरच्या धनगरवस्तीवरून सकाळ-संध्याकाळ आमच्याकडे दूध येतं. एक दिवस दूध परत पाठवलं की दुसऱ्या दिवशी ते डेअरीच्या गाडीत जातं, आणि गेलेलं दूध परत येत नाही. हात थांबला की भट्टी थांबली.

मशीन तयार मिळतं. मी चौकशी केली होती. पण ते केवढं थोरलं! त्याच्यासाठी भट्टी पाडायची, त्याच्याच मापाची नवी कढई घ्यायची, आणि ते भरायला लागणारं दूध आमच्या सगळ्या शिवारात निघत नाही. मला एवढंच हवं होतं की आहे त्या भट्टीवर, आहे त्या कढईत, मोटरीवर फिरणारी दोन पाती कुणीतरी बसवून द्यावीत. हे तयार मिळत नाही, बनवूनच घ्यावं लागतं. आणि बनवून घ्यायचं म्हणजे मिस्त्री.

मी त्याला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्याने तो अर्धाच पाहिला.

"असलं मी डोळे झाकून करतो ताई."

तिथेच शहाणं व्हायला हवं होतं.

"ड्रॉइंग हाय का?" त्याने विचारलं. मला कुठलं ड्रॉइंग येतंय? मी कोळशाच्या तुकड्याने जमिनीवर कढई काढली. "खोली किती?" म्हणाला. मी म्हटलं, "अडीच वीत."

"तुमची वीत का माजी?"

दुकानातली चार माणसं हसली. मग तो म्हणाला, "तुमी कढईच आणून टाका इथं. मापाचा घोळच नगं." मला ते पटलं. वडापच्या जीपवाल्याने कढई टपावर पालथी घालून दोरीने बांधली आणि तिचं भाडं घेतलं नाही. म्हणाला, "राहू द्या वहिनी, कढईला कुठं सीट लागती?" असे लोक आहेत म्हणून मी इथे टिकले. गल्लीतल्या काकूंनी त्यांची लग्नकार्यातली कढई मला वापरायला दिली. ती आमच्या कढईच्या निम्मी. म्हणजे तेवढ्याच दुधाचे आता दोन घाणे, आणि उलथणं दुप्पट वेळ. ज्या हाताला आराम मिळावा म्हणून हे सगळं चाललं होतं, तो हात कढई दुकानात गेल्यापासून जास्तच राबायला लागला.

"मिस्त्री, झालं का?" मी फोनवर विचारायची.

"झाल्यात जमा हाय ताई."

झाल्यात जमा! हे शब्द मी इतके ऐकले की स्वप्नातसुद्धा ऐकू यायला लागले. जाऊन पाहावं तर कढई भिंतीला टेकवून उभी असायची. तिच्यात कधी खिळे, कधी वेल्डिंगच्या काड्यांची थोटकं, एकदा तर कुणाचा तरी जेवणाचा डबा. पात्यांसाठी आणलेली पट्टी कापून ठेवलेली, फ्रेमचे अँगल कापून ठेवलेले, आणि पुढे काहीच नाही.

"कापलंय ना आता," मी बाबांना म्हटलं. "म्हणजे लवकर होईल."

दरवाजावाल्या बाबांनी कपाळाला हात लावला. "येडी का काय? माजी चौकट बी पयल्याच दिशी कापली त्यानं. आगं, कापलेलं लोखंड दुसरा मिस्त्री हातात घेत न्हाई. म्हनतो, ज्यानं कापलं त्यालाच जोडू द्या. हा समद्यांचं आदी कापून ठिवतो. मग गिऱ्हाईक जातंय कुटं?"

मी दुकानात नजर फिरवली. कोपऱ्या-कोपऱ्यात कापलेलं लोखंड. कुणाची खिडकी, कुणाचा पाळणा, कुणाच्या शेळ्यांची गव्हाण. सगळ्यांचं सुरू झालेलं, कुणाचंच झालेलं नाही. तो खोटारडा नव्हता, कुणाला बुडवतही नव्हता. त्याला फक्त नाही म्हणता येत नव्हतं. आणि मला रागावता येत नव्हतं, हे त्याहून वाईट. राग आला की पाठोपाठ मनात यायचं, हा चिडला तर? कढई तशीच उचलून परत दिली तर? मग मी जायचं कुठे? दुसऱ्या मिस्त्रीकडे कापलेली पट्टी घेऊन? म्हणून घरून भांडायला निघायची आणि तिथे पोचल्यावर त्याच्यासाठी चहा सांगायची.

दसरा जवळ आला तशी दुकानापुढे ट्रॉल्यांची रांग लागली. आमच्याकडे ऊसतोडीला टोळ्या जातात. त्या निघायच्या आधी प्रत्येक ट्रॉलीचा हूक, साखळदंड, फाळके असं सगळं नीट करून घेतात. त्या दिवसांत वेल्डिंगवाल्याला दुसरं काही दिसत नाही. आणि पेढेवाल्याला याच दिवसांत रोज फोन करून खवा वाढवा म्हणायची घाई असते. त्यांचा मोसम आणि माझा मोसम एकाच रांगेत उभा, आणि माझा शेवटी.

एक दिवस मात्र माझा धीर सुटला. मी टायरवर बसलेच नाही. सरळ आत गेले.

"मिस्त्री, ही ट्रॉली काल नव्हती. ही आज आली आणि आजच हिला हात लागला. माझं काय?"

त्याने डोळ्यांपुढची काळी काच वर केली. "ताई, राग नका मानू. पर ही तुमच्याच घरची हाय."

"काय?"

"तुमच्याच मालकानी सांगितलंय. म्हनले, आदी ट्रॉली, मग घरचं बगू."

आमचे मालक ऊसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. ट्रॅक्टर-ट्रॉली मुकादमाची, पण तयार करून घ्यायची जबाबदारी यांची. मला यातलं काही बोलले नव्हते. मी तिथे पदराचं टोक चावत उभी. मागून एक ड्रायव्हर म्हणाला, "घ्या! घरातच भांडण. मिस्त्री, तू सुटलास लेका!" सगळे हसले. मिस्त्रीसुद्धा.

संध्याकाळी मी घरी विचारलं.

"ट्रॉली निघाली न्हाई तर टोळी कशी निघंल?" हे म्हणाले. "पंचवीस माणसं अडून बसत्यात. तुझं काय, आज न्हाई उद्या."

"आणि हात?"

"हाताला काय झालं न्हाई असं मी कुटं म्हनलं? दोन दिवस इकडं का तिकडं."

"दोन दिवस म्हणजे किती हो तुमच्याकडे?"

आत्याबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "त्याच्या बापाचे दोन दिवस दिवाळीपातूर जायचे." हे जेवण अर्धं टाकून उठले. मला वाईट वाटलं, कारण यांचंही खरं होतं. टोळीतल्या बायका काय सुखाला जातात का? त्यांच्या ट्रॉलीपुढे माझी पाती मोठी, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण म्हणून खांद्याची कळ थांबते का? त्याच वेळी माहेराहून आईचा फोन आला. "बेटा, हात कसा शे?" मी म्हटलं, "बरा शे, माय." दुसरं काय सांगणार? ती इतक्या लांबून येऊन उलथणं धरणार होती थोडीच.

ट्रॉली तयार झाली, हे गेले. आणि काय आश्चर्य, पुढच्या आठवड्यात मिस्त्रीचा स्वतःहून फोन! मशीन तयार होतं. वर मोटर, वेग कमी करायला गिअरबॉक्स, खाली उभा दांडा आणि त्याला कढईच्या आकाराची वाकवलेली दोन पाती. मिस्त्रीने कढईत पाणी भरून चालवून दाखवलं. पाती तळाला चिकटून अशी सुरेख फिरत होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला हात जोडले. तेवढे महिने त्याच्यावर मनात काढलेला राग मला आतल्या आत बोचला. त्याच्या पोरांना म्हणून खव्याचा गोळा दिला आणि कढई, मशीन घेऊन घरी आले.

दुसऱ्या सकाळी भट्टी पेटवली, दूध ओतलं, बटण दाबलं. आत्याबाई पाट घेऊन समोर बसल्या, सिनेमा बघायला बसावं तशा. दूध तापेपर्यंत सगळं छान. उकळी आली आणि दांडा एकदम थरथरायला लागला. खट्, खट् असा आवाज. मग मोटर नुसती गुरगुरायला लागली आणि पाती जागच्या जागी थांबली. मी बटण बंद करून मशीन उचलायला गेले तर तापलेल्या लोखंडाने बोटं पोळली. तोवर कडेला दूध लागलं होतं. अख्ख्या घाण्याला करपल्याचा वास. पेढेवाल्याने नाक मुरडून खवा परत दिला.

मी मिस्त्रीला फोन लावला.

"माझ्याकडं तर मक्खनवानी चालत हुतं," मिस्त्री म्हणाला.

"तुमच्याकडे कढई गार होती!"

माझ्याच तोंडून हे निघालं आणि मग मलाच कळलं. लोखंडी कढई तापली की तिचा तळ मधून फुगतो, पोट वर येतं. भट्टीवर बसणाऱ्याला हे हाताने कळतं. आपण नकळत उलथणं मधे हलकं धरतो. ट्रॉल्या जोडणाऱ्याला ते कळायचं कसं? ट्रॉली काय कुणी जाळावर ठेवत नाही. आणि मलाही सांगायचं सुचलं नव्हतं, कारण ही सांगायची गोष्ट आहे हेच ठाऊक नव्हतं. पाती मधे अडकत होती आणि कडेला अधांतरी राहत होती.

"मग तुम्ही एकदा इकडे या," मी म्हटलं. "पेटत्या भट्टीवर बघा, तिथेच वाकवा."

"दुकान सोडून कसा येऊ ताई? अजून किती ट्रॉल्या हायेत बगा. दिवाळी होऊ द्या, येतोच."

दिवाळीनंतर! दिवाळीच्या खव्यासाठीच तर सगळं होतं. मी फोन ठेवला आणि भट्टीपुढे मटकन बसले. कढई पुन्हा दुकानात टाकावी, तर काकूंची कढईही त्यांना फराळासाठी परत हवी होती. धनगरवस्तीवरची एक बाई सकाळीच विचारून गेली होती, "दूध आनू का नगं, आत्ताच सांग बाय." मला काही सुचेना.

आत्याबाई पाटावरून म्हणाल्या, "त्याला यायला येळ न्हाई ना? मग चूल तिकडं मांड. चुलीला पाय न्हाईत, टेम्पोला तर हायेत."

मला वाटलं चेष्टा करतात. पण त्यांनी लाकडं काढायलासुद्धा सुरुवात केली होती, डाव्या हाताने.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध आलं तसं कॅनमध्ये भरलं. टेम्पोत कढई, मशीन, लाकडं, विटा, आत्याबाई. दुकानापुढे पोचून मी विटा मांडल्या आणि काडी लावणार तेवढ्यात मिस्त्री ओरडत बाहेर आला, "आवो ताई, आत सिलिंडर हायेत! समद्यांना उडवता का?"

"मग जागा सांगा. मी चूल मांडल्याशिवाय जात नाही."

माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. त्याने रस्त्यापलीकडच्या कडूलिंबाकडे हात केला. तिथे, दोन ट्रॉल्यांच्या मधे, आम्ही चूल पेटवली. मिस्त्रीने दुकानातून वायर ओढून दिली. ड्रायव्हर, मुकादम, जीपची वाट बघणाऱ्या बाया असे सगळे गोल करून उभे. "हॉटेल काढलं का मावशे?" एकाने आत्याबाईंना विचारलं. "न्हाई रं," त्या म्हणाल्या, "मिस्त्रीला शाळंत घातलंय."

उकळी आली. खट्, खट्. मिस्त्री खाली वाकला, जाळाची धग चुकवत कढईत बघत राहिला. मग मान हलवली. "आयला, हिचं पोट वर आलं की."

त्यानंतर त्याने जे केलं ते मी मान्य करते, भराभर केलं. पाती काढली, मधून कापून त्यांचे दोन-दोन तुकडे केले, बिजागरीवर जोडले, आणि जुन्या मोटारसायकलच्या स्टँडच्या स्प्रिंगा धुऊन, उकळून वर बसवल्या. आता तळ फुगला तर पातं मधे आपोआप वर उचललं जायचं आणि कडेला दाबून बसायचं. तोवर दूध मी हातानेच हलवत होते, त्या दुखऱ्या खांद्याने, भर रस्त्यात, डोक्यावरचा पदर सावरत. मशीन बसवलं, बटण दाबलं, फिरायला लागलं. खट् नाही, काही नाही. मी उलथणं बाजूला ठेवलं, हात खाली सोडला आणि तो कुठे ठेवावा हे मला कळेना.

तो खवा चांगला उतरला. थोडा तिथेच वाटला, बाकीचा पेढेवाल्याने घेतला. दरवाजावाले बाबा एक गोळी तोंडात टाकून म्हणाले, "आता मी बी घरच उचलून हितं आनतो, मग दरवाजा लावतोय का बगू." त्यांचं काम अजून झालेलं नाही.

दिवाळी निघाली. भट्टी चालू आहे. रात्री झोपताना कूस बदलता येते, एवढा खांदा सुधारला. पण मन शांत झालं असं नाही. मोटरीचा पट्टा घसरायला लागला की, स्प्रिंग सैल झाली की, पुन्हा त्यालाच फोन, आणि "आलोच ताई". आधी हात दुखला तर तेल लावून चालवता तरी यायचं. आता मोटरीला कसलं तेल लावू?

परवा पाटोद्याकडच्या एका बाईचा फोन आला. तिची पण भट्टी आहे, तिचाही खांदा गेलाय. माझा नंबर तिला पेढेवाल्याने दिला. तिने मिस्त्रीचा नंबर मागितला. हिचं काम त्याच्याकडे गेलं की माझा पट्टा अजून मागे पडणार, हे लगेच डोक्यात आलं. पण मलाही कुणी कुणी, न मागता, किती दिलं होतं. दिला नंबर.

"मिस्त्री कसा हाय?" तिने विचारलं.

"हात चांगला आहे त्याचा," मी म्हटलं. "पण ताई, कढई एकटी पाठवू नका. दूध घ्या, लाकडं घ्या, विटा घ्या, तुम्ही स्वतः बसा. आणि चूल दुकानापुढे मांडू नका, आत सिलिंडर आहेत. रस्त्यापलीकडे लिंब आहे."

ती हसायला लागली. मी म्हटलं, "हसू नका, लिहून घ्या."